अंगणातला गणिताचा नकाशा
(शिक्षण – आपल्या दशसूत्रीतला विषय)



मागच्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना फिरताना एक वाक्य सारखं कानावर येतं. "पोरगं पाढे घडाघडा म्हणतं, पण दुकानात पाठवलं की हिशोब येत नाही." दुसरं वाक्य त्याच्या पाठोपाठ येतं. "आम्ही काय सांगणार, आम्हालाच कुठं गणित येतं?"

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खरं नाही. जी बाई बचत, कर्ज, व्याज, हप्ता, दंड असा पाच रकान्यांचा हिशोब दर आठवड्याला ऐकते आणि चूक झाली की लगेच हटकते, तिला गणित येतं. तिला कदाचित ते पाटीवर मांडता येत नसेल. या लेखात आपण ते मांडायची एक सोपी रीत शिकणार आहोत. तिचं नाव माइंड मॅप, म्हणजे मनातल्या विचारांचा नकाशा. लागणारं साहित्य एवढंच: अंगण, खडू किंवा रांगोळी आणि मूठभर चिंचोके.

माइंड मॅप म्हणजे काय?

गट सुरू झाला तेव्हा गावात बसून आपण गावाचा नकाशा काढला होता, आठवतं का? मध्ये मंदिर नाहीतर ग्रामपंचायत, तिथून निघालेले रस्ते, रस्त्यावर वस्ती, तांडा, विहीर, शाळा. कुणी रांगोळी टाकली, कुणी पानं ठेवली, कुणी ज्वारीचे दाणे मांडले. लिहिता न येणाऱ्या मावशींनीही "माझं घर इथं" म्हणून खडा ठेवला होता.

माइंड मॅप असाच असतो. फक्त मध्ये गाव नसतं, एखादी संख्या किंवा एखादा विचार असतो. त्यातून फांद्या निघतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात. इंग्लंडच्या टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीवरच्या कार्यक्रमातून ही रीत लोकांपुढे आणली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडच्या बऱ्याच शिक्षक-शिक्षिकाही फळ्यावर असे नकाशे काढतात.

गणितात याचा उपयोग काय? मुलाच्या डोक्यात पाढे एका कप्प्यात, बेरीज दुसऱ्या कप्प्यात आणि दुकान तिसऱ्या कप्प्यात असतं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाट नसते. नकाशा काढताना त्या वाटा तयार होतात.

पहिला नकाशा: ५२

अंगणात मध्ये मोठा गोल काढा. त्यात ५२ लिहा. आता मुलाला विचारा, "या ५२ बद्दल तुला काय काय माहीत आहे?" तो जे सांगेल त्याच्या फांद्या काढत जा. अडला तर पुढच्या फांद्या सुचवा.

पहिली फांदी: *कसं म्हणतात?* बावन्न. म्हणजे पन्नास आणि दोन. इथं जरा थांबा, कारण आपल्या मराठीत एक गंमत आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. म्हणून पुष्कळ मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात आणि बावन्न ऐकून २५. 'एकोणपन्नास' तर आणखी अवघड. कानाला पन्नास ऐकू येतं म्हणून मूल ५९ लिहितं, आणि ती संख्या असते ४९, म्हणजे पन्नासला एक कमी. मूल 'ढ' आहे म्हणून ही चूक होत नाही. आपल्या भाषेतले संख्यांचे शब्दच तसे आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचायची रीत दिली गेली, तेव्हा त्यावर पार विधानसभेत चर्चा झाली. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची भीती वाटू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण घरी दोन्ही म्हणू: "बावन्न, म्हणजे पन्नास दोन." एवढ्यानंसुद्धा लिहिताना फरक पडतो.

दुसरी फांदी: *दशक आणि एकक.* दहाच्या ५ नोटा आणि एक रुपयाची २ नाणी. लगेच विचारा, "एक दहाची नोट सुट्टी केली तर?" मग दहाच्या ४ नोटा आणि १२ नाणी. पैसे तेवढेच, मांडणी वेगळी. ही डहाळी जपून ठेवा, पुढे वजाबाकीत तीच कामाला येते.

तिसरी फांदी: *शेजारी.* मागचा ५१, पुढचा ५३. दहा कमी ४२, दहा जास्त ६२.

चौथी फांदी: *कशाकशानं बनतो?* ५० + २, ४० + १२, २६ + २६, ६० – ८. मुलांना यात मजा येते. जितक्या जोड्या सापडतील तितक्या लिहू द्या.

पाचवी फांदी: *किती पट?* २६ दुणे ५२. तेरा चोक ५२. खरं वाटत नसेल तर पारावर बसलेल्या मंडळींना विचारा, पत्त्यांच्या कॅटमध्ये चार प्रकारची तेरा-तेरा पानं असतात!

सहावी फांदी: *कुठं दिसतो?* वर्षाचे आठवडे ५२. आपल्या जिल्ह्याच्या शहराला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. आणि साप्ताहिक बैठक घेणाऱ्या गटाच्या वर्षात ५२ बैठका.

आता या शेवटच्या दोन फांद्या एकमेकींना जोडा. समजा आईची बचत आठवड्याला २५ रुपये. वर्षाची किती? २५ गुणिले ५२ असा उभा गुणाकार मांडला की तिसरी-चौथीचं मूल घाबरतं. पण नकाशात 'चारचे १३ गठ्ठे' आधीच काढलेले आहेत. चार आठवड्यांचे १०० रुपये. असे १३ गठ्ठे. म्हणजे १,३०० रुपये. गटात दहा बाया असतील तर १३,०००. मूल हे स्वतः शोधून काढतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. शिवाय आई दर आठवड्याला कुठं जाते आणि काय करते, हेही त्याला कळतं.

दुसरा नकाशा: वजाबाकी

गावोगाव मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणात घरी बसून मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी घालतात. ती का निवडली, याचं कारण सरळ आहे. इथं अडलेलं मूल पुढे भागाकारात अडतं, मग अपूर्णांकात. सहावी-सातवीत ते गणिताच्या तासाला मान खाली घालून बसायला लागतं. मुलगी असली तर "हिला अभ्यास झेपत नाही" असं घरात बोललं जातं, आणि पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ही छोटी वजाबाकी छोटी नाही.

५२ वजा २८ घाला. पुष्कळ मुलं उत्तर देतात ३६. कसं आलं? दोनमधून आठ जात नाहीत म्हणून त्यांनी उलटं करून आठातून दोन काढले, राहिले ६. पाचातून दोन गेले, राहिले ३. उत्तर चुकलं म्हणून रागावण्याआधी "कसं केलंस ते दाखव" म्हणा. चूक कुठं आहे ते लगेच दिसतं.

मग ५२ च्या नकाशातली 'दहाच्या ४ नोटा आणि १२ नाणी' ही डहाळी दाखवा. बारातून आठ गेले, राहिले ४. चाळीसातून वीस गेले, राहिले २०. उत्तर २४. 'हातचा घेतला' हे मंत्रासारखं म्हणण्यापेक्षा नोट सुट्टी केली हे मुलाला पटतं.

दुसरी वाटही दाखवा. आठवडी बाजारात भाजी विकणारी मावशी वजाबाकी मांडत बसत नाही. ती वर मोजत जाते. २८ चे ३० करायला २, तीसचे पन्नास करायला २०, वर आणखी २. झाले २४. ही पद्धतही तितकीच बरोबर आहे. मुलाला दोन वाटा माहीत असल्या की एका वाटेनं आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेनं तपासता येतं.

आता दुसरा नकाशा काढा. मध्ये 'वजाबाकी' लिहा आणि चार फांद्या काढा:

– *किती उरले?* ५२ अंडी होती, २८ विकली.
– *किती कमी पडतात?* वहीला ५२ रुपये लागतात, जवळ २८ आहेत.
– *फरक किती?* आजीचं वय ५२, आईचं २८.
– *आधी किती होते?* मावशीनं २८ रुपये दिले, आता ५२ झाले.

चारही गोष्टींचं उत्तर २४ आहे. पण पहिली सोडली तर बाकी तीन गोष्टींत कुणी काही काढून घेतलेलं नाही. म्हणूनच मुलं विचारतात, "बाई, बेरीज करू की वजाबाकी?" त्यांना फक्त 'उरले' हा शब्द आला की वजाबाकी, एवढंच ठाऊक असतं. चौथ्या गोष्टीत तर 'दिले' आणि 'झाले' ऐकून मूल बेरीज करून मोकळं होतं. चार फांद्यांचा हा नकाशा भिंतीवर लावून ठेवा. दर दोन दिवसांनी प्रत्येक फांदीवर घरातली एक नवी गोष्ट मुलालाच जोडू द्या. उदाहरण सोडवण्यापेक्षा उदाहरण तयार करायला डोकं जास्त लागतं.

तिसरा नकाशा: वेरूळ, ३४

वेरूळला आपण सगळ्या गेलेल्या आहोत, घृष्णेश्वराच्या दर्शनाला तरी नक्कीच. तिथं लेणी ३४. मध्ये ३४ लिहा. तीन फांद्या: १ ते १२ बौद्ध लेणी, १३ ते २९ हिंदू लेणी, ३० ते ३४ जैन लेणी. मुलांना विचारा, प्रत्येक फांदीवर लेणी किती?

बौद्ध १२, हे सोपं आहे. हिंदू किती, असं विचारलं की हुशार मूलसुद्धा २९ मधून १३ वजा करून १६ सांगतं. पण बोटं मोजून बघा, १७ येतात. कारण तेरावं लेणंही मोजायचं आहे. जैन ५. पडताळा करा: १२ + १७ + ५ = ३४. सोळा धरले तर एक लेणं हरवतं.

हीच चूक मोठ्यांच्या हिशोबातही होते. १३ तारखेपासून २९ तारखेपर्यंत मजुरीला गेलं तर दिवस किती भरले? सोळा नाही, सतरा. एक दिवसाची मजुरी म्हणजे थोडी नाही, ताई. चौथीतल्या पोरीला हे कळलं तर आईचा खाडा कुणी चुकीचा लावणार नाही.

चौथा नकाशा: पाव

अपूर्णांक आले की मुलं सर्वात जास्त घाबरतात, आणि इथंच आपण आया सर्वात हुशार आहोत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द आपल्या तोंडात रोज असतात. मागच्या पिढीतली शाळा शिकलेली माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करत. आजोबांना विचारून बघा.

मध्ये भाकरी काढा. अर्ध्यातून मोडा, पुन्हा मोडा. हा चतकोर. चार चतकोर म्हणजे पूर्ण भाकरी. चतकोराचा अर्धा म्हणजे नितकोर, आठ नितकोर म्हणजे पूर्ण भाकरी. आता मुलाला विचारा, "चतकोर मोठा की नितकोर?" तो हसून सांगेल, चतकोर. मग पाटीवर एक छेद चार आणि एक छेद आठ लिहून तोच प्रश्न विचारा. बरीच मुलं आठवाला मोठं म्हणतात, कारण चारापेक्षा आठ मोठे. भाकरीशेजारी लिहिलं की ही गफलत मिटते. जितके वाटेकरी जास्त, तितका वाटा लहान. घरात चार भावंडं असतील तर हे समजावूनही सांगावं लागत नाही!

फांद्या अशा काढा: पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम. पाव तास म्हणजे १५ मिनिटं. पाव रुपया म्हणजे जुने चार आणे, २५ पैसे. पाव क्विंटल म्हणजे २५ किलो. सव्वा म्हणजे एक आणि पाव. पाऊण म्हणजे तीन पाव, किंवा एकाला पाव कमी.

एक फांदी आपल्यासाठी. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागा महिलांच्या. समजा समितीत १६ जण आहेत. मग पालक किती? बारा. महिला किती? आठ. आपल्या शाळेच्या समितीत मोजून बघा. त्या बैठकीला सहीपुरत्या जाता की बोलायला, हेही एकमेकींना विचारा.

नकाशा काढताना

१. खडू मुलाच्या हातात द्या. आपण काढून दिलेला नकाशा मूल फक्त बघतं, स्वतः काढलेला लक्षात ठेवतं.

२. मध्ये एकच गोष्ट. फांद्या पाच-सहापेक्षा जास्त नकोत. शब्द कमी, चित्रं जास्त.

३. पहिली-दुसरीच्या मुलाला आधी वस्तू द्या. चिंचोके, काड्या, शेंगा. मग चित्र, मग अंक. काड्यांची दहाची जुडी बांधली की दशक हाताला लागतो.

४. लिहिता-वाचता येत नसेल तरी तीन प्रश्न विचारता येतात: "हे कुठून आलं?" "दुसऱ्या रीतीनं करून दाखव." "आपल्या घरात हे कुठं दिसतं?" शिकवणारीनं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे. त्यामुळं 'मला येत नाही' ही अडचणच राहत नाही.

५. चुकीची फांदी लगेच पुसू नका. मुलाला तपासू द्या, ते स्वतः पुसेल.

६. पंधरा मिनिटं पुरे. दिवा लागायच्या वेळी, भाकरी थापता थापतासुद्धा होतं.

७. अंगणातला नकाशा दुसऱ्या दिवशी सडा पडला की जातो. जाऊ द्या. चार दिवसांनी न बघता पुन्हा काढायला सांगा. किती फांद्या आठवल्या ते मोजा. खरा अभ्यास हाच.

एवढं ध्यानात ठेवा

माइंड मॅप म्हणजे जादू नाही. पाढे पाठ करावेच लागतात, उदाहरणं सोडवावीच लागतात. नकाशामुळं समजतं, सरावामुळं हात बसतो. दोन्ही पाहिजे. रंगीत, देखणा नकाशा काढण्यात तासभर घालवला आणि एकही प्रश्न विचारला नाही, तर ती रांगोळी झाली, गणित नाही. शेजारणीच्या पोरीच्या नकाशाशी तुलना तर मुळीच नको.

शाळेतल्या बाई-सरांशी बोला. वर्गात सध्या काय चालू आहे ते विचारा आणि त्याचाच नकाशा घरी काढा. केंद्र सरकारच्या निपुण भारत या अभियानाचं म्हणणं आहे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशोब यावा. ते एकट्या शाळेच्या जिवावर होणार नाही.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी मुद्दाम लिहिते. तुमच्या मुलांचे महिने वाया जातात ते आम्हाला दिसतं. शक्य असेल तर मुलांना मागे आजीजवळ ठेवून शाळा चालू ठेवा. ते जमत नसेल तर कोपीसमोरची जमीन पाटीसारखी वापरा. मोळ्या मोजताना दहाचे गठ्ठे करू द्या. गाडीचं वजन, उचल, फिटलेले पैसे, बाकी किती, याचा नकाशा मुलालाच काढायला सांगा. ही वजाबाकी त्याच्या बापालाही उपयोगी पडेल.

या महिन्यात गटात करून बघा

– पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाल्यावर दहा मिनिटं काढा. मध्ये 'आपला गट' लिहा. सदस्य किती, बचत किती, आठवडे किती, वर्षाची जमा किती, अशा फांद्या काढा. प्रत्येकीनं एक फांदी जोडायची.

– घरी जाऊन मुलाबरोबर ५२ चा नकाशा काढा. मग मुलाच्या वयाच्या, वर्गाच्या पटाच्या, शेळ्यांच्या संख्येचा नकाशा.

– पाचवीच्या पुढच्या मुलींना गटाची वही तपासायला बसवा. बेरीज जुळली का, एवढंच त्यांनी बघायचं. वही गटाची राहते, सराव पोरीचा होतो.

– ग्रामसंघाच्या बैठकीला आपापल्या गटातला एक नकाशा कागदावर काढून आणा. लिहिता येत नसेल तर चित्रात आणा, चालेल. त्यातले निवडक नकाशे पुढच्या अंकात छापू.

आणि हो, पोरानं विचारलं की "आई, तुला गणित येतं का?", तर या वेळी "नाही" म्हणू नका. खडू पुढे करा आणि म्हणा, "चल, मध्ये गोल काढ."

– तुमची क्षेत्र समन्वयक ताई